यंदाची ऊब गेल्या वर्षीच्या लाकडात: व्हर्माँटमध्ये जळणावर घर तापवताना

‘सुक्याबरोबर ओलंही जळतं’ ही म्हण ज्याने केली, त्याने अमेरिकेतल्या व्हर्माँट राज्यात एकही हिवाळा काढलेला नसणार. इथे ओलं जळत नाही. ते शिट्ट्या मारतं, कापलेल्या तोंडातून फेस काढतं, शेगडीची काच काळीकुट्ट करतं आणि बरोबरच्या सुक्यालाही नीट जळू देत नाही. आम्ही या घरात आलो तेव्हा ऑक्टोबर होता. जाहिरात बघून ‘वाळलेलं’ म्हणून जळण मागवलं, ट्रकवाल्याने अंगणात ढीग ओतला आणि मी खुशीत भारतात आईला फोटो पाठवले. जानेवारीत धुराडं साफ करायला आलेल्या माणसाने बादलीभर काळी, चकचकीत खरपुडी काढून माझ्यासमोर ठेवली. तोवर तीन महिने आम्ही घर तापवत नव्हतोच. शेगडीवर पाणी उकळत होतो, तेही लाकडाच्या आतलं.

म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा लाकूड वाळवण्याला दिली आहे. पेटवणं त्या मानाने सोपं आहे. लिहिते आहे ते व्हर्माँट, न्यू हॅम्पशायर, मेन या पट्ट्यात नोकरीनिमित्त आलेल्या आणि जुनं घर घेतल्यावर दिवाणखान्यात लोखंडी धूड बसलेलं सापडलेल्या आपल्या लोकांसाठी. त्या धुडाला इथे ‘वुडस्टोव्ह’ म्हणतात. आपल्याला स्टोव्ह म्हटलं की रॉकेलचा, पंप मारायचा आठवतो, म्हणून मी तिला शेगडीच म्हणते.

व्हर्माँटचा साधारण तीन चतुर्थांश भाग जंगल आहे. जानेवारीत बर्लिंग्टन या इथल्या सगळ्यात मोठ्या शहराचं सरासरी तापमान उणे ७ सेल्सियसच्या आसपास असतं, आणि डोंगराकडच्या गावांत एखादी रात्र उणे २५ च्याही खाली जाते. तेलावर किंवा गॅसवर चालणारी भट्टी बहुतेक घरांत असते, पण तिला वीज लागते. जानेवारी १९९८ मध्ये इथे आणि पलीकडे कॅनडातल्या क्वेबेकमध्ये बर्फाचा पाऊस पडून तारा तुटल्या, खांब कोसळले, कित्येक ठिकाणी दिवसच्या दिवस वीज नव्हती. आमच्या रस्त्यावरच्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात ती थंडी अजून येते. लोखंडी शेगडीला वायर नसते, हे तेव्हा सगळ्यांना नीट कळलं.

किती लागेल, आणि कोणतं

जळण इथे ‘कॉर्ड’ या मापाने विकतात. नीट रचलेली ४ फूट उंच, ४ फूट रुंद आणि ८ फूट लांब थप्पी म्हणजे एक कॉर्ड, १२८ घनफूट. त्यात मधली हवाही आली. प्रत्यक्ष लाकूड ८०-९० घनफूटच असतं. शेगडीसाठी लाकूड बहुधा १६ इंच लांब कापतात, म्हणजे ४ फूट उंच आणि ८ फूट लांबीच्या तीन ओळी मिळून एक कॉर्ड होतो. यातली एकच ओळ ‘फेस कॉर्ड’ म्हणून विकली जाते. ती पूर्ण कॉर्डच्या एक तृतीयांश. भाव सांगणारा नुसतं ‘कॉर्ड’ म्हणाला की विचारायचं, कोणता? आणि ट्रकमधून ओतलेला ढीग मोजायला जाऊ नका; सैल पडलेला एक कॉर्ड सुमारे १८० घनफूट जागा खातो. रचल्यावरच खरं काय ते कळतं.

आमचं घर दीड हजार चौरस फुटांचं, जुनं आहे, पण भिंतींत नंतर इन्सुलेशन भरून घेतलं आहे. नोव्हेंबर ते एप्रिल मिळून चार कॉर्ड जातात. फटी बुजवलेल्या नसतील तर सहाही पुरत नाहीत. त्यामुळे पहिल्या वर्षी पैसे थोडेच असतील तर मोठी शेगडी घेऊ नका, माळा आणि तळघराच्या फटी बुजवा. ऐकायला कंटाळवाणं आहे, पण कायमचं एक-दीड कॉर्ड फोडणं वाचतं.

झाडांमध्ये शुगर मेपल, रेड ओक, बीच, यलो बर्च आणि व्हाइट ॲश ही इथली जड, टणक लाकडं. शुगर मेपल म्हणजे तेच झाड ज्याचा रस मार्चमध्ये काढून पाक करतात. यांच्या वाळलेल्या एका कॉर्डमध्ये सुमारे २.३ ते २.५ कोटी बीटीयू (उष्णता मोजायचं इथलं एकक) उष्णता असते. बऱ्या शेगडीत जाळलं तर साधारण १३० ते १५० गॅलन तेलाचं काम होतं. व्हाइट पाइन आणि पॉपल (ॲस्पेनला इथे हेच म्हणतात) दीड कोटीच्या आसपास. पाइन जाळला की धुराड्याला आग लागते असं इथे अनेक जण छातीठोकपणे सांगतात. ते खरं नाही. आग लागते ओल्या लाकडामुळे आणि कोंडलेल्या धुरामुळे. वाळलेला पाइन भरकन पेटतो, भरकन संपतो. ऑक्टोबरातल्या गार संध्याकाळी तेवढंच हवं असतं. ओक मात्र खरा हत्ती. उष्णता भरपूर, पण वाळायला दोन वर्षं घेतो.

ॲशबद्दल एक वेगळी गोष्ट. आशियातून आलेला पाचूसारखा हिरवा एक भुंगा, एमराल्ड ॲश बोअरर, २००२ मध्ये मिशिगनमध्ये सापडला आणि २०१८ मध्ये व्हर्माँटला पोचला. तो ॲशची झाडं मारत चालला आहे, त्यामुळे सध्या ॲशचं जळण भरपूर मिळतं. ॲशमध्ये मुळातच पाणी कमी असतं आणि ते फोडायलाही सोपं, नवशिक्याला याहून चांगलं लाकूड नाही. पण हे भुंगे पसरतात ते जळणाच्या ट्रकमधूनच. बाहेरच्या राज्यातलं, उष्णतेची प्रक्रिया न केलेलं जळण व्हर्माँटात आणायला बंदी आहे. राज्यातल्या राज्यातही शेजारच्या गावातलंच घ्यावं.

विकत घेताना

‘सीझन्ड’, म्हणजे वाळवलेलं, या शब्दावर जाऊ नका. त्याचा अर्थ प्रत्येक जण आपापल्या सोयीने लावतो. कुणाच्या लेखी झाड पाडून वर्ष झालं म्हणजे लाकूड वाळलं. न फोडलेला ओंडका सालीच्या आत वर्षभर ओलाच राहतो. बर्च तर सालीत तसाच ठेवला तर वाळण्याऐवजी कुजतो. वाळण्याची खरी सुरुवात लाकूड कापून, फोडून, वाऱ्यात रचलं त्या दिवसापासून मोजायची.

दोन टोचण्यांचं एक छोटं ओलावामापक यंत्र मिळतं, ते घ्या. महाग नसतं. ते वापरायची रीत मात्र पाळावी लागते. थप्पीतलं एक लाकूड रात्रभर घरात आणून ठेवा, कारण गोठलेल्या लाकडात आकडा खोटाच कमी दिसतो. दुसऱ्या दिवशी ते मधोमध फोडा आणि आतल्या ताज्या बाजूवर, रेषांच्या दिशेने टोचा. बाहेरून टोचलं तर १५ दाखवेल, आत ३० असेल. २० टक्के किंवा त्याखाली असेल तर जाळा. २५ च्या वर असेल तर पुढच्या वर्षी.

यंत्र नसेल तर दोन लाकडं एकमेकांवर आपटून बघा. वाळलेल्याचा खणखणीत टाळीसारखा आवाज येतो, ओलं धप्प वाजतं. तोंडाशी चिरा पडलेल्या असतात, साल सुटू लागते, वजन हातालाच कळतं. ओल्या शुगर मेपलच्या एका कॉर्डमधून वाळेपर्यंत ४०० किलोहून अधिक पाणी निघून जातं. हे पाणी आगीत उकळून घालवण्यात उष्णता वाया जातेच, पण खरं नुकसान वेगळं आहे. त्या पाण्यामुळे शेगडीचं पोट गार राहतं. लाकडाची निम्म्याहून अधिक ताकद त्यातून निघणाऱ्या वायूत असते, आणि पोट पुरेसं तापलं नाही की तो वायू न जळता धूर होऊन वर जातो. तुमचे पैसे, तुमचा घाम, शेजाऱ्याच्या खिडकीत.

सगळ्यात स्वस्त पडतं ते पूर्ण लांबीच्या ओंडक्यांचा ट्रक मागवणं. एका वेळी सात-आठ कॉर्ड येतात. पण मग चेनसॉ, म्हणजे साखळीची यांत्रिक करवत आली, आणि ते मी लेखातून शिकवणार नाही. कुणाकडून तरी समोर उभं राहून शिका, मांड्यांवर चेनसॉची चॅप्स (पाय वाचवणारं जाड आवरण), डोक्यावर हेल्मेट आणि कानांवर संरक्षण असल्याशिवाय यंत्र सुरू करू नका. आम्ही १६ इंच कापलेले गोल तुकडे मागवतो आणि फक्त फोडतो.

ओंडक्याच्या सालीवर केसाळ, दोरखंडासारखी वेल चिकटलेली दिसली तर तो तुकडा बाजूला काढा. ती पॉयझन आयव्ही असू शकते. तिचा नुसता स्पर्श अंगावर फोड आणतो आणि जाळली तर धूर फुप्फुसात जाऊन दवाखाना गाठावा लागतो.

फोडणं

कुऱ्हाड म्हटली की धार आठवते, पण फोडायला लागते ती ‘मॉल’: एका बाजूला पाचरीसारखं बोथट जड पातं, दुसऱ्या बाजूला घण. सहा पौंडांची पुरते. आठ पौंडांची घेऊन पराक्रम दाखवणारे अर्ध्या तासात कंबर धरून बसतात. माझा नवरा त्यांतलाच.

गुडघ्याहून थोड्या कमी उंचीचा एक रुंद ठोकळा जमिनीवर ठेवा, त्यावर फोडायचा तुकडा. पाय खांद्याएवढे फाकवून उभं राहायचं, एक पुढे एक मागे असं नाही. घाव चुकला तर पातं पायावर येता कामा नये, ठोकळ्यात जावं. डोळ्यांना चष्मा, पायांत पुढे पोलाद असलेले बूट. मारण्याआधी तुकड्याचं तोंड नीट बघा. मध्यापासून बाहेर जाणारी चीर दिसते, ती लाकडानेच काढून दिलेली वाट असते. घाव तिच्यावर, आणि गाठ असेल तर तिच्या विरुद्ध बाजूने. तुकडा मोठा असेल तर मधोमध मारू नका, मॉल अडकून बसते. कडेकडेने ढलपे उतरवत जायचं, फणसाचे गरे सोडवतात तसं. नजर लाकडाच्या वरच्या तोंडावर नको, खालच्या ठोकळ्यावर हवी. हात आपोआप तिथपर्यंत जातो.

शेजारच्या आजोबांनी दाखवलेली युक्ती: ठोकळ्यावर गाडीचा जुना टायर ठेवायचा आणि तुकडा त्याच्या आत उभा करायचा. फुटलेले भाग चारी दिशांना उडत नाहीत, तिथेच उभे राहतात. प्रत्येक वेळी वाकावं लागत नाही. चाळिशीनंतर याची किंमत कळते.

कडाक्याच्या थंडीत ओलं लाकूड काचेसारखं तडकतं, म्हणून जानेवारीतल्या कोरड्या उन्हात फोडायला मजा येते. ॲश एका घावात दोन होतं. एल्मच्या वाटेला जाऊ नका, त्याचे तंतू सुंभासारखे एकमेकांत गुंतलेले असतात, मॉल आत जाते आणि राहते. शेवटी तुकडे तीन ते सहा इंच जाडीचे हवेत. काही मनगटाएवढे बारीक ठेवा, सकाळी आग उठवायला तेच कामी येतात.

रचणं

वाळवणाचा नियम पापड-कुरडयांचाच: ऊन, वारा, आणि खालून ओल नको. जमिनीवर जुनी लाकडी पॅलेट टाका. त्यावर एकच ओळ, वाऱ्याच्या आडवी. तीन ओळी एकमेकींना चिकटवून रचल्या तर मधली वाळतच नाही. टोकांना दोन दोन लाकडं आडवी-उभी रचून खांब करा, म्हणजे थप्पी घसरत नाही. उंची चार फुटांच्या फार वर नको.

ताडपत्री फक्त माथ्यावर. पहिल्या वर्षी मी काळजीपोटी अख्खी थप्पी गुंडाळून ठेवली होती. सप्टेंबरात उघडली तर आत बुरशी आणि अळंब्या. बाजू उघड्याच हव्यात. पाऊस कडेने लागला तरी वरवरचा असतो, दोन दिवसांत उडतो. साल वर ठेवायची की खाली, यावर इथे लोक तासन्‌तास वाद घालतात. छप्पर नसेल तर वर, असेल तर काहीही फरक पडत नाही, असं माझं मत.

ॲशला एक उन्हाळा पुरतो. मेपल, बीच, बर्च यांना पूर्ण वर्ष द्या. ओकला दोन. म्हणजे फोडलेलं जळण नेहमी एक वर्ष पुढचं अंगणात हवं, ओक जाळणाऱ्याकडे दोन. घराला टेकवून रचू नका, किडे-मुंग्यांना भिंतीत जायला आयतं दार मिळतं. आत एका वेळी दोन-तीन दिवसांपुरतंच आणा.

शेगडी आणि धुराडं

घरात आधीपासून असलेली शेगडी आधी ओळखा. मागच्या बाजूला धातूची पट्टी असते, तिच्यावर भिंतीपासून किती अंतर हवं ते आणि पर्यावरण खात्याच्या, म्हणजे ईपीएच्या प्रमाणपत्राची माहिती असते. पट्टीच नसेल तर शेगडी बहुधा १९८८ च्या आधीची. तशा शेगड्या ताशी १५ ते ३० ग्रॅम धूर ओकतात. २०२० पासून नव्या विकल्या जाणाऱ्यांना ताशी २ ग्रॅमची मर्यादा आहे, आणि नेहमीच्या जळणावर चाचणी केली असेल तर अडीच ग्रॅमची. फरक आतल्या रचनेत आहे. एका प्रकारात पोटाच्या वरच्या भागात भोकांच्या नळ्या असतात; त्यांतून तापलेली हवा येते आणि धुरातला वायू तिथेच दुसऱ्यांदा पेटतो. काचेतून वर निळसर, तरंगत्या ज्वाळा दिसतात, त्या याच. दुसऱ्या प्रकारात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी, म्हणजे कॅटॅलिस्ट असतं, ते कमी तापमानावरही धूर जाळतं. ती शेगडी रात्रभर मंद चालते, पण जाळीची निगा राखावी लागते.

आकाराच्या बाबतीत हाव नको. घरापेक्षा मोठी शेगडी घेतली की खोली तापून नकोशी होते, मग आपण शेगडीत जाणारी हवा बंद करतो, आग धुमसते, आणि धुराड्यात धुराचं डांबर साठतं, तीच ती काळी खरपुडी.

बसवण्याचं काम जाणकाराकडून करून घ्या, गावाचा परवाना लागतो का ते विचारा आणि घराच्या विमा कंपनीला आधीच कळवा. पण झालेलं काम तपासता यायला हवं. पट्टीवर अंतर दिलेलं नसेल तर जळू शकणाऱ्या भिंतीपासून ३६ इंच. एकेरी पत्र्याच्या नळीपासून १८ इंच. शेगडीखाली न जळणारी फरशी, आणि दारासमोर ती किमान १६ ते १८ इंच पुढे आलेली. नळ्या एकमेकींत घालताना बारीक टोक खाली, शेगडीच्या दिशेला. बघणाऱ्याला उलटं वाटतं, पण असं केलं की आतून ओघळणारं डांबर नळीच्या आतच राहतं, बाहेर टिपकत नाही. आडव्या नळीला फुटामागे पाव इंच चढ हवा.

धुराड्याच्या उंचीचा नियम तीन आकड्यांत लक्षात राहतो: ३, २, १०. छतातून जिथे बाहेर येतं तिथून किमान ३ फूट वर, आणि १० फुटांच्या आत छताचा जो काही भाग असेल त्याच्याहून २ फूट उंच. घराच्या आतून जाणारं धुराडं बाहेरच्या भिंतीवरच्या धुराड्यापेक्षा चांगलं ओढतं, कारण ते गार पडत नाही.

धूर सांगणारा आणि कार्बन मोनॉक्साइड सांगणारा असे दोन्ही अलार्म लावा. पहिला फोडणीलाही ओरडतो, म्हणून काढून ठेवणारी मराठी घरं मला माहीत आहेत. तसं करू नका, स्वयंपाकघरापासून लांब लावा.

पेटवणं

आईकडे फुंकणी होती, कागद खाली, काटक्या वर, आणि मग फुंकत बसायचं. इथे उलटं करायचं. वरून खाली जळणारी आग धूर फार कमी करते, कारण ज्वाळा पहिल्यापासूनच धुराच्या वर असते.

१. शेगडीत जाणारी हवा कमी-जास्त करायची खिटी पूर्ण उघडा. धुराड्यात झडप असेल तर तीही.

२. तळाला इंचभर जुनी राख राहू द्या. निखारे तिच्यात टिकतात. तिच्यावर दोन-तीन जाड लाकडं, मध्ये बोटभर फट ठेवून.

३. त्यावर आडवी मनगटाएवढी चार-पाच. त्यावर पाइनच्या किंवा सीडरच्या बारीक ढलप्या, जाळीसारख्या रचून.

४. सगळ्यात वर वर्तमानपत्राच्या दोन-तीन गाठी मारलेल्या वळकट्या, किंवा वाळलेली बर्चची साल. ही साल ओली असली तरी पेटते, झाडावरून सोलू मात्र नका, पडलेली गोळा करा.

५. धुराडं फार गार असेल तर वरची हवा बुचासारखी बसलेली असते आणि धूर घरात येतो. अशा वेळी कागदाचा एक पेटता बोळा नळीच्या तोंडाशी मिनिटभर धरा, ओढ सुरू झाली की आवाजच बदलतो.

६. कागद पेटवा, दार पाच मिनिटं बोटभर किलकिलं ठेवा आणि समोरून हलू नका. मग बंद करा.

७. वीसेक मिनिटांत जाड लाकडं धरली की हवा एकदम नाही, टप्प्याटप्प्याने कमी करा. ज्वाळा दिसत राहिली पाहिजे.

नळीवर शेगडीपासून दीडेक फूट वर चुंबकाचा तापमापक लावा. एकेरी नळीच्या पृष्ठभागावर २५० ते ४७५ अंश फॅरनहाइट ही चांगली मर्यादा. काटा २५० च्या खाली रेंगाळत असेल तर आत डांबर जमतंय. बाहेर जाऊन धुराड्याकडे बघणं हीही एक परीक्षा आहे: पेटवून अर्धा तास झाल्यावर वर हवा नुसती थरथरताना दिसली पाहिजे. पांढरा-करडा धूर लोळत असेल तर लाकूड ओलं आहे किंवा हवा कोंडली आहे.

आपल्या घरांतली एक खास अडचण. शेगडी मंद चालू असताना कढीपत्त्याची फोडणी टाकली आणि गॅसवरचा एक्झॉस्ट पूर्ण वेगाने लावला, तर तो पंखा घरातली हवा बाहेर फेकतो आणि तेवढी हवा धुराड्यातून उलटी आत येते. शेगडीतला धूर दिवाणखान्यात. हवाबंद, नव्या पद्धतीच्या घरात हे जास्त होतं. फोडणीच्या वेळी स्वयंपाकघराची खिडकी इंचभर उघडली की प्रश्न मिटतो.

दिवसभर आणि रात्री

नवं लाकूड टाकताना आधी हवा पूर्ण उघडायची, मिनिटभर थांबून दार बोटभर, मग हळूच पूर्ण. झटकन उघडलं तर धुराचा भपका तोंडावर येतो. निखारे पुढे ओढून घ्या, लाकडं मागे ठेवा. टाकल्यावर दहा मिनिटं आग चांगली उठू द्या, मगच हवा कमी करा. रात्रीसाठी दोन-तीन जाड ओक किंवा बीच. हवा पूर्ण बंद करून आग ‘वाचवण्याचा’ मोह होतो. धुराड्यातली निम्मी काजळी त्या मोहातून येते.

शेगडीची खोली तापते आणि मागची बेडरूम गारच राहते, ही सगळ्यांची तक्रार. आपण गरम हवा तिकडे ढकलायला पंखा लावतो. उलट करून बघा: छोटा पंखा गार खोलीत, जमिनीवर, शेगडीच्या दिशेला तोंड करून. जड गार हवा खालून इकडे येते, गरम हवा वरून आपोआप तिकडे जाते.

दुसऱ्या हिवाळ्यात आम्हाला एक फटका बसला. तेलाच्या भट्टीचा थर्मोस्टॅट शेगडीच्याच खोलीत होता. तिथे कायम २३ अंश, त्यामुळे भट्टी चार दिवस सुरूच झाली नाही, आणि बाहेरच्या भिंतीतून जाणारी मागच्या न्हाणीघराची नळी गोठून फुटली. पहाटे तळघरात पाणी. आता भट्टी दिवसातून दोनदा ठरावीक वेळी चालते, आणि कडाक्याच्या रात्री त्या नळाला धार लागेल इतपत सोडून ठेवतो.

शेगडीच्या वर किटली ठेवली तर हवा फार कोरडी पडत नाही. इडलीचं पीठ तीन फुटांवर ठेवलं की रात्रीत फुगतं. मंद निखाऱ्यांवर लांब चिमट्यात धरून वांगं भाजलं की गॅसवरच्या भरताची आठवण येत नाही. रंग दिलेलं लाकूड, प्लायवुड, औषध मारलेलं कुंपणाचं लाकूड, चकचकीत पुठ्ठा, कचरा यातलं काहीही शेगडीत जाता कामा नये.

आणि धुराबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. घरात कुणाला दमा असेल, किंवा घर अशा खोलगट दरीत असेल जिथे हिवाळ्यात हवा साचून राहते, तर लाकूड हा मुख्य उपाय करू नका. हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणणारं विजेचं यंत्र लावा आणि शेगडी वीज गेल्यावर वापरा.

काजळी

दर वर्षी उन्हाळ्यात धुराडं साफ आणि तपासून घ्या, सप्टेंबरात सगळे एकदम फोन करतात. पहिल्या वर्षी जानेवारीतही एकदा. भुरभुरीत काजळी ब्रशने निघते. काळ्या काचेसारखा थर निघत नाही, आणि तोच पेटतो. धुराड्यात आग लागली की आधी गडगड, मग आगगाडी छतावरून चालल्यासारखा आवाज येतो. तेव्हा शेगडीचं दार आणि हवेची खिटी बंद करा, सगळ्यांना बाहेर काढा, ९११ या आणीबाणीच्या नंबरला फोन करा. पाणी ओतू नका. विझल्यावर तपासणी झाल्याशिवाय पुन्हा पेटवू नका, आतला थर तडकलेला असू शकतो.

दाराची दोरी, म्हणजे गॅस्केट, तपासायला शेगडी गार असताना एक डॉलरची नोट दारात धरून दार बंद करा आणि ओढा. सहज सुटली तर दोरी बदला.

राख

राखेत निखारे दिवसचे दिवस जिवंत राहतात. झाकणाच्या धातूच्या बादलीत काढा, लगेच बाहेर न्या, लाकडी ओसरीवर किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवू नका. घरापासून दहा फुटांवर, मातीवर किंवा दगडावर. व्हॅक्यूमने तर कधीच ओढू नका.

गार झालेली राख बर्फाळ पायवाटेवर टाकली की पाय घसरत नाही. बागेत थोडी थोडी चालते, माती फार आम्लयुक्त असेल तर उपयोगीच. ब्लूबेरीच्या मुळाशी मात्र नको, तिला आम्लच हवं असतं. काच काळी झाली तर महागडा फवारा आणू नका. ओल्या वर्तमानपत्राचा बोळा राखेत बुडवा आणि गार काचेवर गोल गोल घासा. गेल्या फेब्रुवारीत आई आली होती. मी दुकानातून आणलेली बाटली तिने बघितली, बाजूला ठेवली, आणि काही न बोलता शेगडीतून चिमूटभर राख घेतली.